कर्णकवचाची कैफियत

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यापासून मुंबईच्या मनीष मार्केटपर्यंत, जेथे जेथे मोबाइलच्या काचा, कव्हरे आणि चार्जर विकणाऱ्यांचे दुकान, टपरी किंवा नुसती पथारी पसरलेली आहे, तेथे तेथे जरा नेटाने चौकशी केली असता रुपयाच्या नाण्याएवढी एक सोनेरी चकती हाती पडण्याचा संभव असतो. ही चकती भ्रमणध्वनीच्या पाठीवर डकवली, की त्यातून बाहेर पडणाऱ्या घातक किरणांचे नव्व्याण्णव टक्के निवारण होते, असा मजकूर तिच्या वेष्टनावर छापलेला असतो. आणि उरलेल्या एका टक्क्याची वासलात कशी लागते, या मुद्द्यावर वेष्टन, विक्रेता आणि निर्माता हे तिघेही एकमताने मौन पाळतात. मला मात्र त्या एका टक्क्याचे मोठे कौतुक वाटते. शंभर टक्क्यांची हमी देणारा इसम बाजारात लबाड ठरतो. नव्व्याण्णवावर थांबणारा कोणत्या तरी प्रयोगशाळेतून, पांढरा डगला घालून, आत्ताच बाहेर आला असावा असा भास होतो, आणि त्या एका टक्क्याच्या विनयावर उरलेले नव्व्याण्णव टक्के बिनबोभाट खपून जातात.

चकती ही या घराण्यातील गरीब शाखा होय. तिच्याहून वरच्या पायरीवर धातूचे अस्तर लावलेली कव्हरे आहेत, गर्भवतींनी पोटाला बांधावयाचे पट्टे आहेत, चांदीचे सूत विणलेल्या टोप्या आणि गंजिफ्रॉक आहेत, गळ्यात घालावयाची काळ्या दगडाची पदके व मनगटावरची कंकणे आहेत, आणि विजेच्या खुंटीत खोचून ठेवली असता साऱ्या घराचे रक्षण करणारी यंत्रेही आहेत. किंमत जसजशी चढत जाते तसतशी भाषा दुर्बोध होत जाते. शंभराच्या आतली चकती किरण नुसते अडवते. पाचशेंची ते शोषून घेते. पाच हजारांचे पदक असली हलकी कामे करीतच नाही, ते किरणांना सुसंवादी करते, म्हणजे त्यांची समजूत घालून त्यांना सन्मार्गास लावते. आणि किंमत याहून वर गेली, की 'क्वांटम' हा शब्द पुढे येतो, ज्याच्यासमोर प्रश्न विचारू पाहणाऱ्यालाच आपल्या अपुऱ्या शिक्षणाची लाज वाटू लागते.

आमच्या शेजारी तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. सारी इमारत त्यांना अण्णा म्हणते. त्यांच्या सूनबाईंनी मोठ्या मायेने अशी एक चकती त्यांच्या भ्रमणध्वनीस लावून दिली, तेव्हा अण्णांनी ती सासऱ्याच्या नात्याने स्वीकारली आणि कारकुनाच्या नात्याने तिची चौकशी सुरू केली. ज्या माणसाची सारी हयात सातबाराच्या उताऱ्यांवरील वारसनोंदी तपासण्यात गेली, त्याला 'नव्व्याण्णव टक्के निवारण' हे विधान फेरफाराच्या अर्जाच्या दर्जाचे वाटावे, हे साहजिकच होते. अर्जदार कोण, तो आपला हक्क कोणत्या दस्तऐवजावरून सांगतो, पंच कोण होते, आणि मूळ कागद कोठे आहे? चकतीच्या वेष्टनात एक प्रशस्तिपत्र होते. त्यावर गोल शिक्का होता, निळ्या शाईत छापलेली सही होती, परंतु ती कोणाची हे कळण्यास काही मार्ग नव्हता. "अहो, सही लागत नाही इथवर ठीक आहे," अण्णा मला म्हणाले, "आमच्या साहेबांचीही लागत नसे. पण खाली माणसाने हुद्दासुद्धा लिहू नये?"

चौकशीच्या शिरस्त्यानुसार प्रथम आरोपीची ओळख पटवावी लागते. रेडिएशन म्हटले, की आपल्या मनश्चक्षूंसमोर हिरोशिमा आणि चेर्नोबिल उभी राहतात, आणि खिशातले यंत्र हे त्यांचेच कोणी चुलतभावंड असावे अशी समजूत होते. वास्तविक हे नाते फार लांबचे, सुतकही न लागणारे आहे. अणुभट्टीतील गॅमा किरण किंवा इस्पितळातील क्ष-किरण यांच्या एकेका कणात रेणूंची मोडतोड करण्याइतकी ऊर्जा असते; भ्रमणध्वनीच्या लहरींचे बळ त्या मानाने इतके अल्प आहे, की असे असंख्य कण एकापाठोपाठ येऊन आदळले तरी रेणूचा एक दुवाही निखळत नाही. या लहरी सेकंदाला नव्वद कोटी किंवा एकशेऐंशी कोटी आंदोलने करतात हा आकडा ऐकून कोणी दचकेल, तर त्याला एवढेच सांगावे, की आपल्या देवघरातील निरांजनाचा उजेड याच्या जवळजवळ तीन लाख पट वेगाने आंदोलने करीत असतो, आणि त्याच्यावर कवच घालण्याऐवजी आपण दोन्ही तळवे धरून ते डोळ्यांना लावतो. भ्रमणध्वनीच्या लहरींचा देहावर निर्विवाद सिद्ध झालेला परिणाम एकच, आणि तो म्हणजे ऊब. तीही इतकी किंचित, की कानाला लागणारी खरी ऊब बहुतांशी यंत्राच्या तापलेल्या बॅटरीची आणि क्वचित पलीकडून बोलणाऱ्याच्या शब्दांची असते.

या लहरींशी हिंदी माणसाचा परिचय आजकालचा नव्हे. १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी जो जाहीर प्रयोग करून दाखविला, त्यात त्यांच्या यंत्रातून निघालेल्या लहरी मधल्या भिंतींतून, आणि समारंभास उपस्थित असलेल्या बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरांच्या देहातूनही, पार निघून गेल्या, आणि पलीकडच्या खोलीतील घंटा वाजवून व बारूद पेटवून मोकळ्या झाल्या, असे वर्णन आढळते. साहेबबहादुरांनी त्या प्रसंगी अंगावर कोणतेही पदक धारण केले असेल तर ते सरकारी होते, किरणनिवारक नव्हते. आणि पुढे त्यांनी याबाबत काही तक्रार गुदरल्याचे माझ्या वाचनात नाही. बोसांनी त्या दशकात सुमारे पाच मिलिमीटर लांबीच्या, म्हणजे साठ गिगाहर्ट्झच्या, लहरींपर्यंत मजल मारली होती. ज्या ५जीच्या नुसत्या नावाने आज सोसायट्यांचे व्हॉट्सॲप गट थरथरतात, त्याचा भारतातील सर्वांत उंच पट्टा २६ गिगाहर्ट्झचा, म्हणजे बोसांच्या पुष्कळ अलीकडचा आहे.

बोसांचे आणखी एक उपकरण या विषयात अवश्य नमूद करण्याजोगे आहे. रेल्वेच्या 'ब्रॅडशॉ' वेळापत्रकाचे एक जाडजूड पुस्तक घेऊन त्यांनी त्याच्या पानापानांमध्ये कथलाचा वर्ख घातला. हे पुस्तक एका अंगाने धरले असता लहरी अडत आणि नव्वद अंशांनी वळविले असता निर्वेधपणे पार जात. लहरींना खरोखर अडविणारे, ज्याचे शास्त्र रीतसर प्रसिद्ध झालेले आहे, आणि जे कोणाही गृहस्थास घरी करता येईल, असे स्वस्त कवच म्हणून रेल्वेच्या वेळापत्रकाच्या तोडीचे दुसरे मला ठाऊक नाही. ते एका बाजूने अडवते आणि दुसऱ्या बाजूने सोडून देते, हा त्याचा दोष नव्हे. कोणत्याही प्रकारची शंभर टक्के हमी न देणे हे रेल्वेच्या वेळापत्रकाच्या प्रकृतीस धरूनच आहे.

आता कवच लावले असता प्रत्यक्षात काय घडते, ते पाहू. भ्रमणध्वनी हा स्वभावाने काटकसरी प्राणी आहे. टॉवर जवळ असेल तर तो कुजबुजतो, आपल्या कमाल शक्तीच्या हजाराव्या हिश्श्यातही काम भागवतो. टॉवर दूर असेल, मध्ये डोंगर, तळघर किंवा लिफ्ट आली, तर तो आवाज चढवीत जातो, अगदी जुन्या काळी मुंबईहून ट्रंककॉल आला म्हणजे आपले आजोबा जसे साऱ्या वाड्याला ऐकू जाईल अशा बेताने ओरडत, तसाच. हा आवाज चढविण्या-उतरविण्याचा हुकूम त्याला टॉवरकडून येतो, आणि ३जीच्या व्यवस्थेत तर तो सेकंदाला १,५०० वेळा येतो. एवढ्या तातडीची हुकूमबजावणी आमच्या महसूल खात्यात कधीही पाहिली नाही, असे अण्णांनी हे ऐकताच कबूल केले. आता अशा यंत्राच्या अंगावर आपण लहरी अडविणारी वस्तू चिकटवली, आणि ती वस्तू दुर्दैवाने खरोखरच लहरी अडविणारी निघाली, तर काय होईल? टॉवरला आवाज क्षीण ऐकू येईल, टॉवर 'आवाज वाढव' असे फर्मान काढील, आणि यंत्र मुकाट्याने शक्ती वाढवील. म्हणजे कवच जितके खरे, तितका भ्रमणध्वनी अधिक जोराने बोलणार. आणि कवच जितके खोटे, तितका तो पूर्वीसारखाच राहणार. ज्याने नुकसान होत नाही असे कवच हवे असेल तर ते निरुपयोगीच असले पाहिजे, असा हा विलक्षण उभयतोपाश आहे, आणि बाजारातील बहुतेक चकत्या या कसोटीस उत्तम रीतीने उतरतात, ही समाधानाची बाब होय.

हा केवळ आमच्या ओट्यावरचा तर्क नव्हे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेब्रुवारी २००२ मध्ये अशा चकत्या विकणाऱ्या दोन कंपन्यांवर खोट्या जाहिरातींबद्दल फिर्याद केली. आणि ग्राहकांसाठी जो खुलासा त्या खात्याने प्रसृत केला, त्यात दोन गोष्टी स्वच्छ सांगितल्या: एक, कानाजवळच्या भोकांवर तुकडा चिकटवून काही साधत नाही, कारण लहरी त्या भोकांतून नव्हे तर साऱ्या यंत्रातून बाहेर पडतात. आणि दोन, अडथळा आल्यामुळे यंत्र उलट अधिक शक्ती ओढण्याचा संभव असतो. कानाच्या भोकातून केवळ ध्वनी येतो. त्यातून येणाऱ्या घातक गोष्टी पुष्कळ आहेत, विशेषतः कर्ज देऊ करणाऱ्या बँकांच्या प्रतिनिधींची वाणी, पण तिच्यावर चकती चालत नाही.

अण्णांना हे पटले, तथापि स्थळपाहणीशिवाय प्रकरण निकाली काढणे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते. त्यांनी स्वयंपाकघरातून पोळ्या गुंडाळण्याचा ॲल्युमिनियमचा कागद आणला, भ्रमणध्वनी त्यात कडा नीट दुमडून दोन वेळा गुंडाळला, आणि मला त्या क्रमांकावर दूरध्वनी करावयास सांगितले. मायकेल फॅरडे याने १८३६ साली धातूचे अस्तर लावलेल्या खोलीत बसून जे तत्त्व दाखवून दिले, ते आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर तंतोतंत प्रत्ययास आले. अण्णा माझ्यासमोर दोन हातांवर पाटावर बसले होते, आणि दूरध्वनीतील बाई मला अत्यंत अदबीने सांगत होत्या, की आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता ती सध्या क्षेत्राबाहेर आहे. अण्णांच्या मुद्रेवर जो आनंद पसरला तो शास्त्रीय नव्हता. "ही पुडी," ते म्हणाले, "साहेब दौऱ्यावरून फोन करीत त्या काळात हाती लागायला हवी होती."

नंतर ॲल्युमिनियम काढून नुसती सोनेरी चकती ठेवली, आणि घंटी खणखणीत वाजली. यंत्राच्या माथ्यावरील रेंजच्या काठ्या चकती लावण्यापूर्वी जितक्या होत्या तितक्याच उभ्या होत्या. यावर विक्रेत्याची बाजू ऐकून घेणे न्यायाचे होते, म्हणून आम्ही त्याचीही जबानी घेतली. त्याचे म्हणणे असे पडले, की ही चकती वाईट किरण तेवढे थांबवते आणि आवाजाचे चांगले किरण जाऊ देते. वाणी वाहून नेणारी लहर आणि भीती वाहून नेणारी लहर या दोन निराळ्या वस्तू नसून एकच आहेत, हे त्या सज्जनास समजावून सांगण्यात आम्हांस यश आले नाही. नीरक्षीरविवेक ही शक्ती आजवर कविसंकेताने केवळ हंसास बहाल केलेली होती; तीच मनीष मार्केटात डझनाच्या भावाने मिळते, हे कालिदासास ठाऊक असते तर त्याने एखाद्या यक्षाच्या हाती ती अवश्य दिली असती.

सरकार या बाबतीत अगदीच गाफील आहे असे मात्र म्हणता येणार नाही. १ सप्टेंबर २०१२ पासून आपल्या देशात असा दंडक आहे, की भ्रमणध्वनीमुळे देहाच्या कोणत्याही एका ग्रॅम ऊतीत शोषली जाणारी शक्ती किलोग्रॅममागे १.६ वॅटपेक्षा अधिक असता कामा नये. आपल्या यंत्राचा आकडा पाहावयाचा असेल तर तारांकन, हॅश, शून्य, सात, हॅश ही चिन्हे दाबावीत. ही मोजणी ज्या पद्धतीने होते ती वर्णनीय आहे. प्लॅस्टिकचे एक पोकळ डोके करतात. त्याचा साचा अमेरिकी सैनिकांच्या डोक्यांच्या मोजमापांवरून ठरविलेला आहे. आणि त्यात पाणी, साखर, मीठ इत्यादींचे मिश्रण, म्हणजे बहुतांशी आपली जलसंजीवनीच, मेंदू म्हणून ओततात. मग त्या डोक्याच्या कानाशी भ्रमणध्वनी कमाल शक्तीवर बोलत ठेवून आतील पाण्यात एक बारीक सळई फिरवितात. साखरपाण्याने भरलेले डोके कानाशी फोन धरून तासन्‌तास निमूट बसले आहे, हे दृश्य पाहण्यास प्रयोगशाळेतच जाण्याची आवश्यकता नाही, असे कोणी कुत्सित मनुष्य म्हणेल. मी म्हणणार नाही. एवढेच नमूद करतो, की आपला खरा मेंदू स्वतःच्या चरितार्थासाठी अहोरात्र सुमारे वीस वॅट शक्ती खर्च करतो, मग त्यातून विचार निघो वा न निघो; आणि ४जीचा भ्रमणध्वनी कितीही ओरडला, तरी त्याची कमाल मर्यादा ०.२ वॅटच्या आसपास असते, तीही चहूदिशांना विभागलेली.

"मग त्या जागतिक आरोग्य संघटनेचे काय?" हा प्रश्न सभ्य वर्तुळात या टप्प्यावर हमखास येतो, आणि तो योग्यही आहे. त्या संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने मे २०११ मध्ये या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या २-ब नामक यादीत घातले, म्हणजे संशय घेण्याजोगा काही पुरावा आहे, पण आरोप शाबीत करण्याइतका नाही, अशा इसमांच्या यादीत. कचेरीच्या भाषेत बोलायचे तर हा गुन्हा नव्हे, ही नजरेखाली ठेवण्याची नोंद. या यादीत सोबतीला कोण कोण आहे, हे पाहिले म्हणजे मराठी माणसाच्या पोटात निराळाच गोळा येतो: अख्ख्या पानाचा कोरफडीचा अर्क तेथे आहे, आणि पारंपरिक आशियाई पद्धतीने खारवलेल्या भाज्याही आहेत. अर्थात या खारवलेल्या भाज्या पूर्व आशियातल्या. आपल्या बरणीतल्या कैरीवर अद्याप कोणी बोट ठेवलेले नाही. तरीही लोणच्याच्या बरणीवर सोनेरी चकती लावलेले एकही घर माझ्या पाहण्यात नाही. पुढे २०२४ साली याच जागतिक संघटनेच्या सांगण्यावरून आजवरच्या ६३ निरीक्षणात्मक अभ्यासांची छाननी प्रसिद्ध झाली, आणि भ्रमणध्वनीचा वापर व मेंदूचा कर्करोग यांचा संबंध तीत आढळला नाही. परंतु निर्दोष सुटलेल्या इसमाविषयी शेजारीपाजारी जसे 'काहीतरी असल्याशिवाय का नाव येते' असे म्हणतात, तसे लोक म्हणत राहतात, आणि या म्हणण्याच्या आधारावर एक सबंध व्यापार चालतो.

या व्यापाराचा इतिहास एखाद्या भारदस्त लेखकाने अवश्य लिहावा. त्यातील तीनच प्रकरणांचा येथे निर्देश करतो. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी राजकोटच्या एका गोशाळेत तयार झालेली गोमयाची चकती पत्रकारांसमोर धरून ती भ्रमणध्वनीचे किरण कमी करते असे जाहीर केले. यावर देशातील शेकडो वैज्ञानिकांनी त्यांना पत्र लिहून विचारले, की हा प्रयोग कोठे झाला, केव्हा झाला, कोणी केला आणि त्याचे निष्कर्ष कोठे प्रसिद्ध झाले. हे पत्र वाचून अण्णांना भरून आले, कारण त्यांच्या मते अव्वल कारकुनाच्या परीक्षेत विचारण्याजोगा इतका सुटसुटीत मसुदा त्यांनी पुष्कळ दिवसांत पाहिला नव्हता. मला स्वतःला त्या चकतीविषयी ममत्वच वाटते. कवच निरुपयोगीच असावयाचे, तर ते पन्नास-शंभर रुपयांत मिळावे, देशी असावे, आणि कंटाळा आल्यावर कुंडीत खत म्हणून घालता यावे, यात कोणाचे काय बिघडते?

या दृष्टीने विलायतेतील प्रकरण फारच खर्चिक म्हणावे लागेल. इंग्लंडात ग्लॅस्टनबरी नावाचे एक प्राचीन, अद्भुताची आवड असलेले गाव आहे. तेथील नगर परिषदेने ५जीविषयी एक समिती नेमली, आणि समितीच्या अहवालात एका सदस्याने '५जी बायोशील्ड' नावाच्या यूएसबी कांडीची शिफारस केली. किंमत ३३९ पौंड ६० पेन्स, म्हणजे आपल्या चलनात तीस हजारांच्या वर. मे २०२० मध्ये सुरक्षातज्ज्ञांनी ती कांडी उघडून पाहिली, तेव्हा आत १२८ मेगाबाइटची साधी स्मरणकांडी निघाली, जिची बाजारातली किंमत पाच-सहा पौंड. आणि तीत व तिच्या गरीब बहिणीत फरक एवढाच दिसला, की हिच्या अंगावर एक गोल चकती चिकटवलेली होती. म्हणजे फिरून फिरून प्रकरण चकतीवरच आले. उरलेल्या सव्वातीनशे पौंडांत क्वांटम असावे.

परंतु या सर्वांवर कळस चढविला तो नेदरलँड्समध्ये. डिसेंबर २०२१ मध्ये तेथील अणुसुरक्षा प्राधिकरणाने ५जीपासून रक्षण करणारी म्हणून विकली जाणारी पदके, कंकणे आणि झोपताना डोळ्यांवर बांधावयाची पट्टी अशी दहा प्रकारची उत्पादने तपासली, आणि ती किरणोत्सर्गी निघाली. नकली, काल्पनिक किंवा लाक्षणिक अर्थाने नव्हे, तर खऱ्या, अणुभट्टीच्या घराण्यातील, ज्यांच्यापासून पळून जाण्यासाठी ही पदके घेतली होती त्या अर्थाने. असल्या 'ऋणायन' वस्तूंत ज्या खनिजांची पूड घालतात, त्यांत थोरियम असतो. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइटच्या वाळूतही तो असतो, पण ती वाळू निदान कोणाच्या गळ्यात राहण्याचा आग्रह धरीत नाही. प्राधिकरणाने ताकीद दिली, की ही पदके यापुढे अंगावर धारण करू नयेत, नीट बंदिस्त करून ठेवावीत, आणि परत देण्याविषयीच्या सूचनांची वाट पाहावी. ज्यांनी अदृश्य शत्रूच्या भयाने गळ्यात शिपाई बांधून घेतला, त्यांना कळविण्यात आले, की शिपाईच शत्रूच्या नोकरीत आहे.

टॉवरची कथा याहून वेगळी नाही. जून २०२१ मध्ये ५जीविरुद्धचा अभिनेत्री जुही चावला यांचा दावा दिल्ली उच्च न्यायालयाने फेटाळला आणि वीस लाखांचा खर्च बसविला, जो पुढे जानेवारी २०२२ मध्ये दोन लाखांवर आणला गेला. या दाव्याच्या दूरस्थ सुनावणीत कोणी अज्ञात इसम मध्येच त्यांच्या चित्रपटांतील गाणी गाऊ लागला, ही घटना न्यायशास्त्राच्या ग्रंथांत नमूद होईल किंवा न होईल, रसिकांच्या स्मरणात राहीलच. आमच्या गृहनिर्माण संस्थेत इतके संगीत नव्हते. गच्चीवर टॉवर बसवू द्यावा की नाही यावर सर्वसाधारण सभा भरली, आणि एका पक्षाने भाड्याच्या रकमेचे, तर दुसऱ्याने मुलांच्या आरोग्याचे चित्र रेखाटले. टॉवरच्या लहरींची मर्यादा भारताने २०१२ साली आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यावर आणली आहे, त्याच्या अँटेना लहरी समोर फेकतात, खाली नव्हे, आणि टॉवर जितका दूर घालवावा तितका कानाशी धरलेला भ्रमणध्वनी मोठ्याने ओरडतो, हे तिन्ही मुद्दे मांडले गेले, परंतु ते ऐकण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते. टॉवर नामंजूर झाला. ठरावाची प्रत सभासदांना व्हॉट्सॲपवर पाठविण्यात आली, आणि ती उतरवून घेण्यासाठी निम्मे सभासद आजही ज्या कोपऱ्यात रेंज मिळते त्या जिन्याच्या तिसऱ्या वळणावर जमतात.

इतके होऊनही कोणास लहरी कमीच करावयाच्या असतील, तर त्याचा उपाय आहे, आणि तो असंदिग्धपणे चालतो. यंत्र डोक्यापासून दूर धरावे. अंतर वाढले, की लहरींचा जोर झपाट्याने उतरतो; वीतभर अंतराने जे साधते ते दुकानातल्या सगळ्या चकत्या एकावर एक रचूनही साधणार नाही. रेंज कमी असेल तेथे लांबलचक संभाषण टाळावे, कानात तारेची बोंडे घालावीत, किंवा स्पीकर लावून बोलावे. या उपायात वैगुण्य एकच: तो फुकट आहे, आणि ज्या वस्तूला खोके नाही ती वस्तू सूनबाई सासऱ्याला भेट कशी देणार?

अण्णांनी तो तत्काळ अमलात आणला. परवा आम्ही दोघे प्रगती एक्स्प्रेसने मुंबईस निघालो असता त्यांना त्यांच्या पुतण्याचा फोन आला, आणि अण्णांनी यंत्र हाताच्या पूर्ण लांबीवर धरून, स्पीकर लावून, वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीचा विषय काढला. लोणावळ्यापर्यंत डब्याला तिन्ही भावांची नावे पाठ झाली होती. घाट उतरेपर्यंत विहिरीतील हिश्श्यावरून डब्यात दोन तट पडले. कर्जतला चढलेल्या एका गृहस्थाने प्रथम जागा, मग गट क्रमांक विचारून घेतला, आणि अण्णांच्या हाताकडे तोंड नेऊन मोठ्याने म्हटले, "ते सगळे खरे, पण बहिणींचे हक्कसोडपत्र नोंदवून घेतले आहे का?"

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग पुतण्याचा आवाज आला, "काका, वकील केलात ते सांगितले नाहीत. फी किती ठरली?"